चौथ्याला काय द्यायचं

४ फेब्रुवारी

प्रिय आजी,

फोनवर तुला माझं अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू आपल्या मनाने भरतेस, म्हणून हे पत्र. लग्नाचा हॉल ठरला. आईबाबा माझ्याकडेच आहेत आणि दोघं मिळून पाहुण्यांच्या बसायच्या जागा रोज बदलतात.

एक काम तुझ्याकडे आहे. हिच्या, म्हणजे तुझ्या होणाऱ्या नातसुनेच्या, घरची पद्धत अशी की लग्न लागताना नवरीशेजारी तिच्या मैत्रिणी उभ्या राहतात आणि नवऱ्याशेजारी त्याचे मित्र. पाय दुखेपर्यंत उभ्या राहणाऱ्या या मित्रांना नवऱ्याने काहीतरी भेट द्यायची असते. माझ्या बाजूने ट्रकवाला, नर्स आणि बेकरीवाला. तिघांसाठी मी सारखीच पेटी पसंत केली आहे. आत नाव कोरलेला स्टीलचा थर्मास, शर्टाच्या बाह्यांना लावायची चकचकीत बटणं आणि सेंटची बाटली. मग मनात आलं, इस्त्रीचं दुकान तुझं, या सगळ्यांचे शर्ट इतकी वर्षं तुझ्या हाताखालून गेलेत, तर तुला विचारल्याशिवाय पैसे टाकू नयेत. आवडेल ना त्यांना?

रंगारी नेहमीसारखा रविवारी येऊन हे वाचून दाखवेल आणि उत्तरही लिहून देईल. त्याला चहा दे. लांबलचक उत्तर असेल तर दोनदा दे.

तुझा नातू


११ फेब्रुवारी

नातवा,

आशीर्वाद आहेतच. राग आला तरी ते द्यावे लागतात.

ती पेटी जिथून आणलीस तिथे परत कर. ट्रकवाल्याला थर्मास? त्याच्या गाडीत थर्मासांचं आख्खं कुटुंब नांदतंय. टायरवाल्याने दिलेला, विमावाल्याने दिलेला, एक तर कुणी दिला ते त्यालाही आठवत नाही. त्याला गाडीतून उतरताना बघ कधी. आधी एक पाय येतो, मग कंबर येते, मग तोंडातून शिवी येते. त्याला पाठीशी ठेवायची गच्च भरलेली उशी घे. नर्सला सेंट लावून वॉर्डात पाठव, म्हणजे पेशंट शिंकून शिंकून टाके उसवून घेतील. त्याला मनगटावर काही घालता येत नाही, छातीवर अडकवायचं उलटं घड्याळ मिळतं ते दे. आणि बेकरीवाल्याच्या बाह्यांना बटणं. त्याच्या बाह्या कोपराच्या खाली आलेल्या मी जन्मात पाहिल्या नाहीत. भट्टीत हात घालायला लांब हातमोजे दे त्याला.

आता मुद्द्याचं. तू तीनच जण लिहिलेत. मी रंगाऱ्याला म्हटलं, परत वाच. त्याने परत वाचलं. म्हटलं, एखादा गिळलास का? तर म्हणतो, "नाही आजी, तिघंच आहेत."

तुमची चौकडी होती रे. शाळेतून हाकलायचे तेसुद्धा चौघांना मिळून हाकलायचे. तो चौथा आत्ता माझ्यासमोर स्टुलावर बसून हे लिहितोय. तू नोकरीला गेलास तेव्हापासून दर रविवारी येतो. तुझं वाचतो, माझं लिहितो, दुकानाचं शटर ओढून देतो. नातू तू, आणि नातवाची कामं त्याच्याकडे.

"आजी, हे नका लिहायला लावू."

"का, शाई संपली?"

"माझ्याबद्दल मीच कसं लिहू?"

"दुसऱ्यांबद्दल लिहिलंस तसंच."

लिहितोय आता. मान खाली, कान लाल. तर उत्तर दे. तो कुठे गेला तुझ्या रांगेतून? आडवळणं घेऊ नकोस, मला गुडघ्यांमुळे सरळ चालतानाच त्रास होतो.

आजी


१८ फेब्रुवारी

प्रिय आजी,

उशी घेतली, घड्याळ सांगून ठेवलं. बेकरीवाल्याचं मात्र तुझं चुकलं. भट्टीवर आता त्याची माणसं असतात, तो गल्ल्यावर बसतो. बाह्या नुसत्या सवयीने दुमडतो. त्याला लागतो तो चष्मा, आणि तो दिवसभर कुठे ना कुठे विसरतो. त्याला गळ्यात अडकवायची चष्म्याची दोरी आणि चष्मा ठेवायचं चांगलं घर घेतलं. बघ, तुझ्या इस्त्रीलाही सगळंच दिसत नाही.

चौथ्याचं असं, की हिच्या बाजूने मैत्रिणी तीनच आहेत. फोटोग्राफर म्हणाला, दोन्ही बाजू सारख्या हव्यात, नाहीतर फोटो एकीकडे कलंडल्यासारखा दिसतो. मग एकाला कमी करावं लागलं. रंगारी समजूतदार आहे, त्याला वाईट वाटलेलं नाही. त्याला मी इतरांपेक्षा भारी काहीतरी देणार आहे. काय देऊ, तेवढं सुचव. बाकी या विषयात फार खोल जाऊ नकोस, माझी आजी ना तू.

तुझा नातू


२५ फेब्रुवारी

नातवा,

तुझं पत्र रंगाऱ्याने असं वाचलं, जसा डॉक्टर वाईट रिपोर्ट वाचतो. हळू, गोड, मधूनमधून खोकून.

फोटोग्राफर म्हणाला म्हणे. उद्या तो म्हणेल, आजी बुटकी आहे, फोटोत नुसतं डोकं येतं, तर मला घरी ठेवून येशील का? लग्न तुझं आहे की त्याचं?

आणि "समजूतदार" हा शब्द मला शिकवू नकोस. सासरी मलाही सगळे समजूतदार म्हणायचे, आणि पातेल्याच्या तळाचं खरवडून माझ्या ताटात घालायचे. ज्याच्या पदरात कमी टाकायचं ठरतं, तो माणूस आदल्या दिवशी समजूतदार होतो.

वर विचारतोस, त्याला भारी काय देऊ. माणसाला दारातून मागे फिरवायचं आणि हातात डबा ठेवायचा, ही भेट नव्हे. हा तोंडात कोंबलेला बोळा आहे. दुकानात जाऊन सांग, बोळा हवाय, चांगल्या कागदात बांधून द्या.

खरं कारण मी सांगते. तुझ्या नवरीचे मामा रंगकामाचे मोठे ठेकेदार, आणि हा त्यांच्याच कामावर. मामेसासऱ्यांच्या मजुराने कोट घालून तुझ्या खांद्याला खांदा लावावा, हे तुला पचत नाही. त्याच्या नखांतला रंग दिसेल फोटोत. तसं असेल तर तुझ्या नखांतली घाण मला इथून दिसतेय.

तो तुझ्याशेजारी नसेल तर मीही नसेन. साडी काढून ठेवली होती, ती परत ट्रंकेत गेली.

आजी

(आजी गिऱ्हाइकाला कपडे द्यायला उठल्यात, तेवढ्यात लिहितो. हे त्यांना वाचून दाखवणार नाही. तुला याहून बरं खोटं सुचलं नाही का? पण बोललास तेच धरून ठेव. थोडा वेळ उभं राहिलो की जमीन फिरते, आणि लग्नात मामांसमोर कोसळलो तर दुसऱ्या दिवशी कामावर घेणार नाहीत, हे तुला सांगितलंच आहे. आजीला कळलं की गल्लीला कळलं. तू माझ्यासाठी शिव्या खातोयस, लक्षात ठेवीन. आणि काळजी करू नकोस, झुल्यावर बसूनच काम असतं, तिथे एवढं होत नाही. परवा वर असताना जरा झालं, पण दोर घट्ट धरला, डोळे मिटले, गेलं. आल्या त्या.)


३ मार्च

आजी,

हे पत्र मी तुझ्या समोरच्या शिंपीणबाईंच्या नावाने पाठवतोय. त्याच वाचतील. रंगाऱ्याने मागच्या पत्राखाली तुझ्या नकळत चार ओळी लिहिल्या होत्या, म्हणून.

त्याला चक्कर येते. बराच वेळ उभं राहिलं, मान वर केली, की तोल जातो. रांगेत उभं राहायला त्यानेच नकार दिला. मैत्रिणी, फोटोग्राफर, सगळं मी रचलं, कारण त्याने कुणाला सांगायचं नाही म्हणून हात धरून शब्द घेतला होता. तू मला जे बोललीस ते मी मुकाट्याने ऐकलं असतं, लग्नानंतरही.

पण त्याने मला सांगितलं होतं, आता मी आतल्या खोल्या रंगवतो, उंचावर जात नाही. तेही खोटं निघालं. तो अजून झुल्यावर जातो आजी. उंच इमारतीच्या बाहेरून दोरांवर टांगलेली ती फळी असते ना, तिच्यावर. आणि परवा तिथेच त्याला चक्कर आली. मला धीर द्यायला लिहितो की दोर धरला आणि गेलं. हे वाचल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. संताप येतो त्याचा. मी गुपित राखायचा शब्द दिला होता, त्याला पडू द्यायचा नाही.

मी शब्द मोडला. तो आता माझ्याशी बोलणार नाही. तू बोल त्याच्याशी.

तुझा नातू


१० मार्च

नातवा,

हे पत्र तोच लिहितोय. शेजारी शिंपीणबाई बसल्यात. त्याने शब्द इकडचा तिकडे केला तर त्यांच्या तोंडात टाचण्या आहेतच.

आधी तुझं. तुला बोलले त्यातलं नखांचं तेवढं पुसून टाक. बाकीचं तसंच ठेव. अंगावर आजार काढणाऱ्याला पांघरूण घातलंस, आणि खोटं बोललास तेही इतकं भिकार.

आता याचं. मी विचारलं, "कधीपासून?"

"थंडी पडली तेव्हापासून."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"नाही."

"का?"

"तो म्हणाला असता, वर जाऊ नकोस."

म्हणजे डॉक्टर काय सांगेल ते याला डॉक्टरच्या आधी ठाऊक. म्हटलं, "अरे गाढवा, तिथून पडलास तर तुझा शर्ट कुणी आणायचा माझ्याकडे? आणि मी त्याच्या कुठल्या बाजूवर इस्त्री फिरवायची?" तो हसला. मी हसत नव्हते. मग म्हणाला, "आजी, घरी आई आहे, धाकटीचं शिक्षण आहे, मला दुसरं काही येत नाही. मामांचा नियम आहे, चक्कर आलेला माणूस दुसऱ्या दिवशी गेटच्या बाहेर." उत्तम नियम. याचा अर्थ गेटच्या आत आहेत ते सगळे ठणठणीत, किंवा सगळे गप्प.

तू विचारलं होतंस, चौथ्याला काय द्यायचं. उपयोगाचं हवंय ना? मग मामेसासऱ्यांकडे जा. लग्नाआधी जा, जावई झाल्यावर मागितलं तर त्याला हट्ट म्हणतात. सांग त्यांना, हा माणूस वर जाणार नाही, याला जमिनीवरचं काम द्या. तोंड वाकडं करतील, नव्या सोयरिकीत मिठाचा खडा पडेल. पडू दे. उशी आणि चष्म्याचं घर काय, कुणीही

पुढचं शिंपीणबाई लिहितायत. तो पेन ठेवून उठला. "माझं काम मी मिळवलंय, कुणाच्या लग्नातला आहेर म्हणून नकोय मला," म्हणाला, आणि चहा तसाच टाकून गेला. मी दारापर्यंत गेले तोवर वळणावर दिसेनासा झाला. चक्कर येणाऱ्या माणसाच्या मानाने फार जोरात चालला.

तू जाच.

आजी


१९ मार्च

आजी,

गेलो होतो. हिच्या घरी मामा आले होते, जेवणं झाल्यावर बोललो. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि मग असा आवाज चढवला की पाहुणे बाहेरच्या खोलीत गेले. "माझ्या झुल्यावर चक्कर येणारा माणूस, आणि तू मला आज सांगतोस?" तिथूनच फोन लावला. त्याच दिवशी त्याचा झुल्यावर बांधायचा कमरेचा पट्टा जमा करून घेतला. जमिनीवरच्या कामाचं विचारलं तर म्हणाले, "बघू."

हिची आई आता माझ्याशी मोजकं बोलते. ही मात्र म्हणाली, मामा ओरडतात म्हणजे घाबरलेत. असेल.

रंगाऱ्याने बेकरीवाल्याकडे निरोप दिला, लग्नाला येत नाही. एवढाच. वर खाली काही नाही. आजी, मी मित्राला भेट म्हणून त्याचं काम घालवलं. तू सांगितलंस म्हणून नव्हे, मलाही तेच बरोबर वाटलं होतं, आणि अजूनही वाटतं. तरी तिघांच्या वस्तू अजून बांधायला घेतलेल्या नाहीत.

तुझा नातू


२७ मार्च

नातवा,

हातही शिंपीणबाईंचा आणि आजचा चहाही त्यांचाच. रविवारी स्टूल रिकामं होतं.

म्हणून मीच त्याच्या घरी गेले. जिना चढताना गुडघ्यांनी माझं सगळं खानदान काढलं. हा भिंतीकडे तोंड करून पडलेला. म्हणाला, "त्याने मला बुडवलं." मी म्हटलं, "त्याने तुला उतरवलं. बुडत तू होतास." तोंड फिरवलं नाही. मग मी नर्सला बोलावून घेतलं आणि दोघांनी मिळून याला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. मी पुढे, नर्स मागे, पळायला जागा ठेवली नाही. डॉक्टर म्हणाला, तोल कानात असतो आणि याचा तिथेच बिघडलाय. औषधाने, व्यायामाने सुधारेल. सुधारायला वेळ लागेल. तोवर उंची बंद. हे एवढं ऐकायला थंडीपासून घाबरत होता.

मग मी मामांच्या कामावर गेले. शिंपीणबाई साक्षीला होत्या, त्यामुळे हे त्या मन लावून लिहितायत. मामांनी खुर्ची दिली. बसणार नव्हते, पण गुडघ्यांनी माझं ऐकलं नाही.

"बघू म्हणालात. कधी बघणार?"

"आजी, त्याने माझ्यापासून लपवलं. वर काही झालं असतं तर?"

"झालं असतं तर तुमच्यामुळे. सांगितलं की काढता, मग कोण सांगेल? गप्प बसायला तुम्हीच शिकवलंत, आणि आता तो गप्प बसला म्हणून रागावता."

"धंदा आहे आजी."

"माझाही आहे. कामाला ठेवलेल्या पोरीचा हात भाजला तर मी तिला घड्या घालायला बसवत होते, रस्त्यावर नाही."

मामांनी टेबलावरचे रंगाचे नमुने बाजूला सारले. मग म्हणाले, गोदामात रंग कालवायला माणूस लागतो, महिनाभर बघतो. मी म्हटलं, बघा, पण डोळे उघडे ठेवून बघा. मजुरी कमी आहे, तेही बोलून आले, पण तिथे डाळ शिजली नाही. याने काम घेतलं. माझे आभार मानले नाहीत. नकोच होते.

आता तुझ्या लग्नाचं. ते उभं राहणं कुणाच्या डोक्यातून निघालं? ट्रकवाल्याची पाठ, नर्सचे पाय, याचा कान, आणि तुम्ही त्यांना भिंतीला टेकवलेल्या शिड्यांसारखं उभं करणार. खुर्च्या मांड. चार. ज्याला लग्न करायचंय त्याने उभं राहावं, बाकीच्यांनी काय गुन्हा केलाय? आणि नवरीच्या मैत्रिणी किती आहेत ते आता तरी खरं सांग.

आजी


२ एप्रिल

प्रिय आजी,

मैत्रिणी चार आहेत. आधीपासून चारच होत्या. खुर्च्यांचं ऐकून त्यांनी तुला धन्यवाद सांगितलेत, उंच टाचांच्या चपला चावतात म्हणे. हिची आई म्हणाली, असं कुठे असतं का. ही म्हणाली, आता असेल. आठ खुर्च्या सांगितल्या.

रंगाऱ्याला मी दोन पत्रं टाकली. उत्तर नाही. तिघांच्या वस्तू बांधून तयार आहेत, त्याच्या नावाचं कपाटात काहीच नाही. काय ठेवू तेही कळत नाही. त्याची खुर्ची मांडीन, तो आला नाही तरी. तू ट्रंकेतली साडी काढलीस का, तेवढं कळव.

तुझा नातू


८ एप्रिल

नातवा,

अक्षर ओळखलंस ना? मी दुकान उघडायच्या आधीच हा येऊन पायरीवर बसला होता. शटर वर केलं, स्टूल ओढलं, पेन काढलं आणि म्हणाला, "सांगा." मी काहीही विचारलं नाही. हे मला किती जड गेलं ते तुलाच कळेल.

गोदामात रंग कालवतो. चक्कर अजून येते, पण आता आली की सांगतो आणि खाली बसतो. डॉक्टरने मानेचे व्यायाम दिलेत, ते करताना दाणे टिपणाऱ्या कोंबड्यासारखा दिसतो. हे वाक्य लिहू का म्हणून त्याने दोनदा विचारलं. दोनदा हो म्हटलं. मामांचा मुकादम त्याला कधीमधी "जावयाचा माणूस" म्हणतो, ते ऐकून माझं रक्त उकळतं. हा म्हणतो, उकळू नका आजी, मी त्याला रंग पातळ करून देतो. काय समजायचं ते समज.

साडी काढली. इस्त्रीही झाली.

चहा पिऊन झाल्यावर म्हटलं, "नातवावरचा राग गेला का?"

"नाही."

"लग्नाला जाणार?"

"राग असताना कसा जाऊ?"

"घेऊनच जा. बसायला जागा आहे."

त्याने कप बाजूला सारला. पेन उचललं आणि वेगळ्या कागदावर लिहायला लागला. मी तर काही सांगत नव्हते. बरंच लिहितोय असं वाटलं, पण थांबल्यावर बघते तर दोनच ओळी. म्हटलं, वाच. त्याने वाचलं, ते इथेच उतरवायला लावलं:

आजीला घेऊन शुक्रवारच्या गाडीने येतोय. माझ्यासाठी काही आणू नकोस, तुझी भेट पोचली. आवडली नाही, पण रोज वापरतो.